आधी शाळा, मग अहवाल

आमच्या भौतिकशास्त्र विभागाच्या कपाटात दर एप्रिलला नवी भर पडते. काळं रेक्झिनचं बाइंडिंग, त्यावर सोनेरी अक्षरं, आत ऐंशीएक पानं. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प. ते मी वाचते, म्हणजे वाचावेच लागतात. त्यांतलं सगळ्यात मनापासून लिहिलेलं पान ऋणनिर्देशाचं असतं. आईबाबा, मार्गदर्शक, लॅब असिस्टंट, कुलदेवता, कुणी सुटत नाही. प्रस्तावना सुरू झाली की मात्र आवाज बदलतो आणि कुणी परकाच माणूस बोलायला लागतो. हा परका कोण, हे पूर्वी शोधावं लागायचं. हल्ली पहिल्या परिच्छेदातच कळतं.

‘आजकालच्या मुलांना काही येत नाही’ हे स्टाफरूममधलं लाडकं वाक्य मला पटत नाही. त्या अहवालाचे वाचक दोनच, मी आणि बाहेरून येणारे परीक्षक. दोघांनाही उत्तर आधीच माहीत असतं. ज्याला माहीत आहे त्याला सांगायचं म्हणजे पाठ म्हणून दाखवायचं. मुलं तेच करतात, आणि बरं करतात.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या गटांना मी एक अट घालते. मोजमाप शाळेतल्या मुलांबरोबर करायचं, त्यांचे प्रश्न वहीत उतरवायचे, आणि अहवालाचं पहिलं वाक्य त्यानंतर लिहायचं. एरवी क्रम उलटा असतो: प्रकल्प संपतो, गुण मिळतात, आणि उरलेल्या वेळात कॉलेजची गाडी एखाद्या शाळेत जाते. व्हिनेगर आणि सोड्याचा ज्वालामुखी फसफसतो, टाळ्या पडतात, बॅनरमागे सगळे उभे राहतात, फोटो निघतो. पोरांना मजा येते, त्याला माझी ना नाही. पण माझे विद्यार्थी त्यातून काय शिकले? बॅनर सुरकुती न पडता कसा धरायचा ते.

सावलीचा प्रकल्प या अटीखालीच सुरू झाला. गोव्यात बसून पृथ्वीचा परीघ मोजायचा. कल्पना जुनीच आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधल्या सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन गावांमधला सूर्याच्या कोनाचा फरक वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे ७.२ अंश, धरला आणि दोन गावांमधल्या अंतराला पन्नासाने गुणलं. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट अर्ध्या पानात संपते. आमच्या एवढ्याशा राज्यात ती जमेल का, हा खरा प्रश्न होता.

गोव्याच्या उत्तरेकडचं पेडणे साधारण १५.७२ अक्षांशावर, दक्षिणेकडचं काणकोण १५.०१ वर. फरक ०.७१ अंश. एक मीटर उंचीवरून पडणारी सावली डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हाला पेडण्यात साधारण ८१.४ सेंटिमीटर, काणकोणात ७९.४. दोन सेंटिमीटरचा फरक, आणि त्यातून सगळ्या पृथ्वीचा घेर काढायचा. गटातल्या मुलांना हा आकडा कळल्यावर त्यांचे चेहरे पडले. मला मात्र तो आवडला. फरक मोठा असता तर कसंही मोजून चाललं असतं.

दिवस कोणता निवडायचा यावर बराच खल झाला. एका मुलाला शून्य सावलीच्या दिवसाचं, म्हणजे मध्यान्हाला सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसाचं, भारी आकर्षण. पण आपल्याकडे तो मेच्या पहिल्या दिवसांत येतो, तेव्हा शाळांना सुट्टी; आणि परत येतो ऑगस्टच्या ९-१० तारखेच्या सुमाराला, तेव्हा आभाळ असं भरलेलं की सूर्य कुठे आहे याचाच अंदाज बांधावा लागतो. डिसेंबरचा फायदा निराळा. २१ तारखेच्या आगेमागे सूर्य दक्षिणेच्या टोकाला जवळपास थबकलेला असतो, त्यामुळे दोन शाळांनी एकाच दिवशी मोजलं नाही तरी बिघडत नाही. १९ ला गोवा मुक्तिदिनाची सुट्टी, पुढे नाताळची. राहिले त्याआधीचे दोन-तीन दिवस. ते आम्ही पकडले.

शाळांना पत्र लिहिणं, परवानगी मिळवणं, मुख्याध्यापकांना फोन करणं हे सगळं गटाने केलं. त्यात मी मुद्दाम पडले नाही. डिचोलीची एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, तिने फोनवर एका मुख्याध्यापकांना इतकं व्यवस्थित समजावलं की पलीकडून ‘तुम्ही प्राध्यापक का?’ अशी विचारणा झाली.

पेडण्याच्या शाळेत पहिल्या दिवशी सगळंच फसलं. प्रयोगशाळेतून नेलेली काठी स्टँडमध्ये उभी केली. आमच्या मुलांनी कोनमापक लावून ‘नव्वद अंश’ असं जाहीर केलं. सातवीतला एक मुलगा लांबून एक डोळा मिटून बघत होता. म्हणाला, काठी वाकडी आहे. त्याचे वडील गवंडी. मधल्या सुट्टीत तो धावत घरी गेला आणि ओळंबा घेऊन आला. दोरी काठीशेजारी धरल्यावर काठीचा कल सगळ्यांना दिसला. अर्ध्या-पाऊण अंशाचा असेल. एरवी ही चूक कुणी चूक म्हणून धरली नसती, पण आम्हाला मोजायचा होता तोच फरक पाऊण अंशाहून कमी. म्हणजे अख्खी पृथ्वी त्या कलण्यात हरवली असती.

जमिनीचंही तसंच. शाळेचं अंगण चिऱ्यांचं, उंचसखल. मग बाईंचं टेबल बाहेर काढलं, पायांखाली कागदाच्या घड्या सारून पाणसळीने समतल केलं. इतकं करून सावली पडली, आणि पोरांनी विचारलं, ती नेमकी कुठे संपते?

हा प्रश्न आमच्या गटाला पडला नव्हता. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. त्यामुळे सावलीची कड धूसर असते. एक मीटर उंचीवरून ती कड या दिवसांत जमिनीवर दीडेक सेंटिमीटर पसरते. फरक दोन सेंटिमीटरचा आणि कडच दीड सेंटिमीटरची! प्रत्येक पोराने आपापल्या मताने पेन्सिलीची खूण केली आणि टेबलावर खुणांची गर्दी झाली. काणकोणच्या शाळेत गेलेल्या गटातल्या दुसऱ्या जोडीचीही तीच गत. त्या दिवशीच्या आकड्यांवरून परीघ आला ५२ हजार किलोमीटर. त्यातही आधी दोन गावांमधलं अंतर म्हणून रस्त्याचं अंतर धरलेलं होतं, शंभराच्या वरचं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की सूर्याला कदंबाच्या बसने यायचं नाही, उत्तर-दक्षिण सरळ अंतर हवं. ते ७९ किलोमीटर. ते धरूनसुद्धा ५२ हजार.

परतीच्या गाडीत गट गप्प होता. मी उत्तर सांगितलं नाही. मला ते माहीत होतं, पण सांगितलं असतं तर ते पुन्हा माझं झालं असतं.

रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचीच चर्चा पेटली. पुठ्ठ्याला दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं, तो पुठ्ठा मीटरभर उंचीवर आडवा धरायचा. टेबलावर सूर्याची लांबट प्रतिमा पडते, सव्वा-दीड सेंटिमीटरची. तिच्या दोन्ही टोकांवर खूण करून मधला बिंदू घ्यायचा, म्हणजे धूसरपणाचा त्रास निम्म्याहून अधिक संपतो. आणि काठी हवीच कशाला? भोकातून ओळंबाच खाली सोडायचा. दोरीची लांबी हीच उंची, ओळंब्याचं टोक हाच सावली मोजायचा आरंभबिंदू. काठी सरळ आहे की वाकडी हा वादच मिटला. ही युक्ती त्या गवंड्याच्या मुलाच्या ओळंब्याशिवाय सुचली नसती, असं गटातल्या मुलांनीच मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आकडा ४१ हजारांच्या आसपास आला. खरा ध्रुवीय परीघ ४०,००८ किलोमीटर. मोजमापातल्या चुकीची मर्यादा मांडायला लावली तेव्हा ती इतकी मोठी निघाली की ४१ हजारांत नशिबाचाही वाटा होता हे त्यांना कबूल करावं लागलं. ते त्यांनी अहवालात लिहिलं. अशी कबुली मी त्या कपाटातल्या फारच थोड्या वह्यांत वाचली आहे.

मध्यान्हाचीही एक गंमत. ‘बारा वाजता सूर्य डोक्यावर’ हे पोरांना पक्कं ठाऊक. बारा वाजले, खुणा चालूच, आणि सावली अजून आखडतेच आहे. काणकोणात एक पोर वैतागून म्हणालं, ‘टीचर, बारा जाले मगे, सावळी अजून ल्हान जाता!’ आमच्या मुलाने रेखांशाचा हिशेब काढला. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, गोवा ७४ च्या आसपास, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपलं मध्यान्ह सरासरी पस्तीसेक मिनिटं उशिरा. शिवाय वर्षभरात ते पुढेमागे सरकतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८ च्या सुमाराला, फेब्रुवारीच्या मध्यात १२.४९ पर्यंत. डिसेंबरच्या त्या दिवशी साडेबारा. आणि काणकोण पेडण्यापेक्षा थोडं पूर्वेला असल्यामुळे तिथे ते जवळपास मिनिटभर आधी. ‘मग घड्याळ चूक का सूर्य चूक?’ असं विचारल्यावर आमचा मुलगा जे काही बोलला त्यात ‘अ‍ॅक्च्युअली’ पाच-सहा वेळा आलं आणि अर्थ एकदाही नाही. इंग्रजीतून शिकलेलं सगळं मराठी-कोकणीतून सांगताना त्याची दमछाक झाली. पण ती भाषेची नव्हती. बसमध्ये त्याने मला तेच इंग्रजीतून सांगायचा प्रयत्न केला, आणि तिथेही अडला.

आता त्या प्रश्नाविषयी, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

काणकोणच्या शाळेत डिचोलीची मुलगी फळ्यावर आकृती काढत होती. सूर्यकिरण समांतर, पृथ्वी वाकलेली, म्हणून दोन ठिकाणच्या सावल्या वेगळ्या. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, जमीन सपाट असली आणि सूर्य जवळ असला तरी सावल्या वेगळ्याच पडतील ना? घरातल्या दिव्याखाली पडतात तशा.

फळ्यापुढची मुलगी थांबली. ‘सूर्य फार दूर आहे’ असं म्हणाली. ‘कशावरून?’ असं परत आलं. मागच्या बाकावरून वाद घालत नव्हती ती, खरंच विचारत होती. आणि तिचं बरोबर होतं. दोनच ठिकाणांच्या मोजमापावरून वाकलेली पृथ्वी आणि लांबचा सूर्य, की सपाट पृथ्वी आणि जवळचा सूर्य, हे ठरवताच येत नाही. आमच्याच आकड्यांतून सपाट पृथ्वी धरली तर सूर्य ३,९०० किलोमीटरच्या आसपास येतो. हिशेबात कुठे खोट निघत नाही. एरॅटोस्थेनिसने सूर्य लांब आहे हे आधीच गृहीत धरलं होतं. बीएस्सीच्या तीन वर्षांत हे गृहीत कुणी बोट ठेवून दाखवलेलं नव्हतं, अगदी मीही नाही, आणि सातवीतल्या मुलीने ते दाखवलं.

आमच्या मुलीने शहाणपणा केला. ‘मला आत्ता सांगता येत नाही, शोधून सांगते’ असं म्हणाली. हे वाक्य मुखोद्गत करून घ्यायला मी काय वाटेल ते देईन. व्हायवात ते कुणी म्हणत नाही.

पुढचे दिवस ती यातच होती. पहिला विचार, तिसरं ठिकाण घ्यावं, मध्ये कुठेतरी, फोंड्यात वगैरे. हिशेब केला तर गोल आणि सपाट या दोन कल्पनांमधला फरक फोंड्यात मीटरमागे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. कागदाच्या जाडीएवढा. गोवा त्यासाठी फारच लहान. मग तिने दूरचं ठिकाण धरलं, दिल्ली. सपाट पृथ्वी आणि ३,९०० किलोमीटरवरचा सूर्य असेल तर दिल्लीत मीटरभर उंचीची सावली साधारण ११८ सेंटिमीटर हवी. गोल पृथ्वी आणि खूप लांबचा सूर्य असेल तर १२८. दहा सेंटिमीटरचा फरक! यासाठी ना भोकाचा पुठ्ठा हवा, ना पाणसळ. धूसर कड चालेल, थोडी तिरकी काठीसुद्धा चालेल.

तिची शाळेतली मैत्रीण दिल्लीला शिकते. तिच्या हॉस्टेलच्या गच्चीवर बेत ठरला. दिल्लीत डिसेंबरचं धुकं, सूर्य काही धड दिसेना. नाताळ झाल्यावर एका दुपारी ऊन पडलं आणि फोटो आला: टेप, काठी, आणि १२७ आणि १२९ च्या मध्ये कुठेतरी संपणारी सावली.

सुट्टी संपल्यावर ती एकटीच रेल्वेने काणकोणला गेली आणि मागच्या बाकावरच्या मुलीला तो फोटो दाखवून आली. मी विचारलं, काय म्हणाली ती? ‘तिने विचारलं, तीन ठिकाणं पुरे होतात का.’ अहवालातलं शेवटचं प्रकरण यावर आहे. ते पुरेसं झालंय असं मला वाटत नाही, तिलाही नाही.

सगळेच गट असे निघत नाहीत. काही जणांना प्रमाणपत्र हवं असतं, क्रेडिट हवं असतं, शाळेत जायचं म्हणजे एक तास बुडतो याचाच आनंद असतो. एका गटाने शाळेतल्या मुलांचे म्हणून जे प्रश्न लिहून आणले ते वाचून मी विचारलं, हे कोणत्या इयत्तेतल्या मुलाने विचारलं? कारण त्या प्रश्नात ‘तथापि’ होतं.

नाण्यांचा प्रकल्प मात्र सांगण्याजोगा झाला. त्याची मुळं आपल्याच मातीतली. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यातल्या कोसबें गावी जन्मले. पणजीत त्यांच्या नावाचा विचार महोत्सव भरतो, तिथे पहिल्या रांगा भरलेल्या असतात. पण ते मूळचे गणिती होते आणि त्यांनी नाणी चक्क तराजूत घालून इतिहास वाचला, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांना माहीत असतं. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. एकाच प्रकारची हजारो नाणी तोलली तर जुन्या नाण्यांचं सरासरी वजन उतरलेलं दिसतं, आणि त्यांच्या वजनांतली तफावत वाढलेली दिसते. तक्षशिलेच्या आहत, म्हणजे ठसे मारून घडवलेल्या, प्राचीन नाण्यांच्या साठ्यांवर त्यांनी हे काम केलं, आणि पद्धत तपासायला चलनातली चालू नाणीही तोलली.

आमच्या गटाने पाच रुपयांचं जुनं जाड नाणं धरलं, ९ ग्रॅमचं, तांबं-निकेलचं. नंतरची ६ ग्रॅमची आली, ती वगळली. सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेतल्या मुलांनी घरातून, दुकानातून, गावच्या देवळाच्या फंडपेटीतून नाणी बदलून आणली. फंडपेटीतली नाणी नव्यांपेक्षा जड भरली! झिजायच्या ऐवजी वाढलेली. तेल, कुंकू, हळद. मग साबणाचं पाणी, जुने टूथब्रश, आणि वाळवणासाठी वर्तमानपत्रं. आमची मुलं वजनातल्या पद्धतशीर चुकीवर परीक्षेत सहा गुणांचं उत्तर लिहून आलेली होती. ती चूक बोटांना चिकटते हे त्यांना सत्तरीत कळलं.

तिथेही प्रश्न एका पोराचाच. नाण्यावर साल छापलेलं आहे, पण आजीच्या डब्यात ते किती वर्षं नुसतं पडून होतं हे कुठे छापलंय? म्हणजे वय आणि फिरणं या दोन वेगळ्या गोष्टी. जुन्या नाण्यांच्या वजनांत तफावत जास्त का, याचं उत्तर त्याच्या प्रश्नातच होतं. आमच्या गटाने तो आलेख काढलेला होता, तफावत फुगलेली दिसत होती, आणि ‘प्रायोगिक त्रुटी’ असं लिहून ते मोकळे होणार होते.

सहकारी मला विचारतात, सिलॅबस कधी पुरा करतेस? करते, थोडी ओढाताण होते. खरी अडचण गुणांची आहे. बाहेरच्या परीक्षकांसमोर वही असते आणि पंधरा मिनिटं असतात. ‘शोधून सांगते’ म्हणणाऱ्या मुलीला कोणत्या रकान्यात गुण द्यायचे? गेल्या वर्षी मी अहवालाला एक जोडपत्र सक्तीचं केलं: शाळेत विचारले गेलेले प्रश्न, जसेच्या तसे, मुलांच्याच बोलीत, आणि प्रत्येकापुढे आम्हाला उत्तर आलं की नाही. एका परीक्षकांनी ते पान उघडलं आणि पंधराची पंधरा मिनिटं त्यावरच घालवली. दुसऱ्यांनी विचारलं, हे इंग्रजीत का नाही?

यंदाच्या डिसेंबरसाठी दोन शाळा अजून हव्यात, एक पेडणे तालुक्यात, एक काणकोणात. शक्यतो मुक्तिदिनाच्या आधीचे दोन दिवस. दक्षिणेला झाड किंवा इमारत नसलेलं अंगण लागेल आणि शिक्षकांचं एक टेबल. पुठ्ठा, पाणसळ आणि ओळंबा आम्ही आणतो. तुमच्या शाळेत गवंड्याचं पोर असेल तर त्याला मात्र पुढे बसवा.